‘नाहीतर’ नसलेली लिफ्ट

आमच्या साहेबांचा मान धोंडाबाईनं घालवला आणि त्याची भरपाई एका कंपाइलरनं करायची असं ठरलं. ऐकायला वेडेपणा वाटेल. पण आमच्या कंपनीत वेडेपणासुद्धा रीतसर मंजूर होऊन येतो, म्हणून पहिल्यापासून सांगते.

कंपनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत. लिफ्ट चालवणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. मालक कोंडाजीराव, पण त्यांना नावानं हाक मारलेली त्यांच्या बायकोलाही आठवत नसेल. सगळे म्हणतात साहेब. मी अंजली. कंट्रोलरचे प्रोग्रॅम मी लिहिते, आणि गेली सहा वर्षं कंत्राटावर आहे. म्हणजे रोज सकाळी गेटवर पाहुण्यांच्या वहीत सही करायची, आणि ‘कोणाकडे आलात’ या रकान्यात लिहायचं, ‘साहेबांकडे’. पर्मनंट लोकांच्या गळ्यात निळी फीत, माझ्या गळ्यात पिवळी. गेटवर नवा वॉचमन आला, त्याला महिन्याभरात निळी फीत मिळाली आणि तो मला विचारायला लागला, ‘मॅडम, काय काम काढलं?’ असा संताप येतो म्हणून सांगू! दर दिवाळीला मी साहेबांकडे पर्मनंटचा विषय काढते आणि साहेब खिडकीबाहेर बघत म्हणतात, “बघू.”

तर धोंडाबाई. गंगापूर रोडच्या एका सोसायटीत आमच्या लिफ्टचा शुभारंभ होता. साहेबांना दहाची वेळ दिली होती, म्हणून साहेब साडेबारापर्यंत पोचले, कारण मानकऱ्यानं वेळेवर जाणं बरं दिसत नाही. तोवर गच्चीवर पंगत बसली होती. मठ्ठ्याचं पातेलं जिन्यानं कोण नेणार? स्वयंपाकाला आलेल्या धोंडाबाईनं दाराला बांधलेली फीत हातानं वर केली, पातेलं आत ढकललं, बटण दाबलं आणि गेली वर. तिच्या मागे मग सगळी सोसायटी गेली. साहेब फेटा बांधून आले तेव्हा फीत तेवढी कापायची राहिली होती. त्यांनी ती कापली, फोटो निघाला, आणि फोटोत साहेबांच्या मागे लिफ्टमधून रिकामं पातेलं घेऊन बाहेर पडणारी धोंडाबाई अगदी ठळक आली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. फोटो टेबलावर होता.

“माझी लिफ्ट मला न विचारता हललीच कशी?”

“साहेब, बटण दाबलं की ती हलते. तेवढ्यासाठीच लोक विकत घेतात.”

हे बोलणं त्यांना आवडलं नाही. ते आदल्याच आठवड्यात उद्योजकांच्या एका व्याख्यानाला जाऊन आले होते. वक्ते मराठीबद्दल तळमळीनं बोलले, स्वतःची भाषा पाहिजे म्हणाले, आणि आमच्या साहेबांनी ते सगळं सी भाषेला लावलं.

कंपाइलर म्हणजे काय ते इथेच सांगून टाकते, पुढे अडायला नको. आम्ही प्रोग्रॅम लिहितो सी भाषेत. लिफ्टमधल्या बोर्डाला ती कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. मधला दुभाषी म्हणजे कंपाइलर. आमच्या बोर्डाचा कंपाइलर घरचाच आहे. साहेबांच्या भागीदारानं तो लिहिला, मग साहेबांना वैतागून भागीदार पुण्याला निघून गेला, आणि तेव्हापासून ते लेकरू मी सांभाळते. सी भाषेत प्रोग्रॅमनं कुठे वळायचं, कुठे थांबायचं हे सांगणारे मोजके शब्द आहेत. इफ, एल्स, व्हाइल अशी ती मंडळी. सगळ्या जगाचं तेवढ्यावर भागतं. आमच्या साहेबांचं भागेना.

“भाषेतच एक शब्द घाल,” साहेब म्हणाले. “‘विचारून’ असा. त्या शब्दापुढे जे लिहिलं असेल ते माझ्या फोनवर मला विचारल्याशिवाय होता कामा नये. मी ‘हो’ दाबलं, की मग व्हायचं.”

“त्यासाठी भाषा कशाला बदलायची? एक छोटं फंक्शन लिहिते. दुपारपर्यंत होईल.”

“फंक्शन लोक विसरतात गं. भाषा कोण विसरतं? आणि अक्षरं मोठी ठेव. त्या इफ-बिफसारखी बारीक नकोत.”

मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, “हे नीट झालं ना, तर तुझ्या पर्मनंटचं बघू.” मग स्वतःच थांबले. “बघू नाही. पंचवटीतल्या शुभारंभाला स्टेजवरून जाहीरच करतो. शब्द दिला.”

आता सांगा, काय करणार? मी तोंड मिटलं.

कंपाइलरला नवा शब्द शिकवणं तसं फार अवघड नसतं. आधी ओळखीच्या शब्दांत त्याचं नाव घालायचं, म्हणजे तो दिसला की कंपाइलर दचकणार नाही. मग सांगायचं की या शब्दामागून कंसात प्रश्न येईल आणि त्यापुढे करायचं काम. शेवटी त्याचे आकडे कसे पाडायचे ते लिहायचं: निरोप पाठव, वाट बघ, ‘हो’ आलं तर पुढे जा. इथवर सगळं सुरळीत. खरा प्रश्न त्याच्या पुढचा होता, आणि तो घेऊन मी साहेबांकडे गेले.

“साहेब, तुमचं उत्तर आलंच नाही तर? प्रत्येक वळणाला दुसरी वाट लागते. मी एक ‘नाहीतर’ ठेवलाय. दोन मिनिटं वाट बघेल, नाहीतर आपलं आपण दार उघडेल.”

साहेबांनी चष्मा काढला. “नाहीतर म्हणजे? मला ओलांडून?”

“ओलांडून नाही हो. तुम्ही मीटिंगमध्ये असाल, झोपला असाल…”

“मी झोपेतसुद्धा हो म्हणतो. काढून टाक तो नाहीतर.”

“मग तसं लेखी द्या.”

“बघू.”

काढला. जगातला एकमेव असा शब्द मी बनवला, ज्याला पुढे एक वाट आणि बाकी तिन्ही बाजूंनी भिंत. एक मात्र केलं. ब्रेक आणि लिफ्ट खाली पडू न देणाऱ्या भागात कुणी ‘विचारून’ लिहिलं, तर कंपाइलर सरळ चूक दाखवेल अशी सोय केली आणि त्याची कुठे वाच्यता केली नाही. मला पर्मनंट व्हायचं होतं, पण तुरुंगात नव्हे. शिवाय लिफ्टचं दार बाहेरून उघडायची त्रिकोणी चावी असते, ती साइटवर लिफ्ट बसवणाऱ्या आमच्या वाल्मीकच्या खिशात असते, हाही मनाला एक आधार होता.

आता मला वाटलं होतं, आमचे प्रोग्रॅमर या शब्दाला नाकं मुरडतील. कसलं काय! त्यांना तो साहेबांपेक्षा जास्त आवडला. हर्षल म्हणजे साहेबांचा सख्खा भाचा. कॉलेज संपलं त्या आठवड्यात त्याच्या गळ्यात निळी फीत पडली होती. त्यानं तर ‘विचारून’चा सपाटाच लावला. दिवा लावायचा? विचारून. पंखा? विचारून. धोक्याची घंटा? तीसुद्धा विचारून, कारण घंटा ऐकून लोक उगाच घाबरतात, असं मामा म्हणाले होते. एकदा का विचारलं, की पुढे काही झालं तरी आपल्या अंगाशी येत नाही. मी एकटी बोंबलत होते की अरे, घंटेला कसलं विचारता, तर हर्षल म्हणाला, “ताई, तुम्हाला काय जातंय? हो तर मामाच म्हणणार ना.”

चाचणी ऑफिसातल्या टेबलावर झाली. टेबलावर बोर्ड, बोर्डाला दिवे, दिव्यांनाच लिफ्ट म्हणायचं. साहेबांचा फोन दिवसभर टुणटुणत होता. ‘दिवा लावू का?’ हो. ‘पंखा लावू का?’ हो. ‘दुसऱ्या मजल्यावर जाऊ का?’ हो. जेवताना हो, दाढी करताना हो, साडूच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकता टाकता डाव्या हातानं हो. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. येईल त्याला फोन दाखवून सांगायचे, “बघा, माझ्याशिवाय पान हलत नाही.”

एक नियम तेवढा त्यांनी आणखी केला. साइटवरची माणसं मनाला येईल ते करतात आणि ‘साहेबच म्हणाले’ असं दडपून सांगतात, ही त्यांची जुनी तक्रार. म्हणून हुकूम निघाला: साइटवर तोंडी काही चालणार नाही. चावी लावायची तरी फोनवर साहेबांचा ‘हो’ पाहिजे, किंवा पर्मनंट इंजिनिअरनं समोर उभं राहून स्वतःच्या जबाबदारीवर सांगितलं पाहिजे. वाल्मीकला तर उभा करून तीनदा वदवून घेतलं.

पंचवटीत कुंभमेळ्यासाठी म्हणून एका ट्रस्टनं चार मजली भक्तनिवास बांधलं होतं. गल्ली इतकी अरुंद की आमची लिफ्ट सुटी करून हातगाडीवरून आणावी लागली. शुभारंभ चौथ्या मजल्यावरच्या सभागृहात. साहेबांआधी लिफ्टमध्ये कुणी पाय ठेवायचा नाही, त्यामुळे ट्रस्टची सगळी वयस्कर मंडळी गुडघे धरत जिन्यानं वर चढली. अध्यक्षांना तर मधल्या मजल्यावर घटकाभर खुर्ची टाकून बसवावं लागलं. लिफ्टच्या शुभारंभाला सगळे जिन्यानं, आणि त्यात कुणाला काही खटकत नव्हतं!

बेत असा होता. साहेब खाली नारळ फोडणार, एकटेच आत जाणार, चौथ्यावर येणार. तिथे त्यांच्या फोनवर प्रश्न येणार, ‘दार उघडू का?’ साहेब ‘हो’ दाबणार, पडदा सरकावा तसं दार उघडणार, वरून फुलं पडणार, फोटो निघणार. मग भाषण, आणि भाषणात माझं पर्मनंट. मी आईला फोन करून ठेवला होता की दुपारी चांगली बातमी देते. इस्त्रीची साडी नेसून, ओंजळीत झेंडूच्या पाकळ्या घेऊन मी दाराशी उभी होते.

खाली नारळ फुटला. ‘वर जाऊ का?’ला साहेबांनी दार मिटायच्या आत हो दाबलं असणार. लिफ्ट वर आली. आमच्या समोर थांबली. सनईवाल्यानं सूर लावला.

दार उघडेना.

सनईवाल्याचा दम संपला, त्यानं नवा दम घेतला, तोही संपला. मग आतून दारावर थाप पडली.

“अगं अंजली! इथे रेंज नाही!”

माझ्या हातातल्या पाकळ्या खालीच पडल्या. पोलादाची पेटी, त्यात फोन, त्यात साहेब. टेबलावर पेटी कुठे होती? टेबलावर वायफाय होतं.

“साहेब, घंटा दाबून बघितली का?” हर्षलनं विचारलं. साहेबांनी दाबली असणार. पण घंटेलाही विचारायचं होतं, आणि ती ‘दार उघडू का?’च्या मागे रांगेत उभी होती.

“प्रोग्रॅममधून उघड!” आतून आवाज आला. “तुझं ते काहीतरी कर!”

“नवा प्रोग्रॅम चढवायलासुद्धा तुमचा हो लागतो, साहेब.”

“मग दुसरं काहीतरी असेल ना!”

“होतं. नाहीतर होता.”

“कुठला नाहीतर?”

“जो तुम्ही काढायला लावला तो.”

ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले, “अहो, चावी असते ना लिफ्टला?” सगळ्यांनी वाल्मीककडे बघितलं. वाल्मीक वणीचा. माणूस सरळ, सांगितलेलं काम जिवावर उदार होऊन करणारा, आणि न सांगितलेलं मेला तरी न करणारा. त्यानं खिशातून त्रिकोणी चावी काढली, सगळ्यांना दाखवली आणि परत खिशात ठेवली.

“फोनवर हो पायजे,” तो म्हणाला.

“वाल्मीक! उघड दार!” साहेब ओरडले. “मी सांगतोय!”

“तोंडी नाय चालत साहेब. तुम्हीच बोल्ले. दाराआडून कोन बी बोलंल.” मग त्याला साहेबांची दया आली असावी. “थांबा, मी फोन लावतो.” त्यानं खरंच लावला. फोनमधली बाई म्हणाली, ती व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. वाल्मीकनं ते स्पीकरवर सगळ्यांना ऐकवलं, म्हणजे नंतर कुणी बोलायला नको.

“हर्षल,” मी म्हटलं, “तू पर्मनंट आहेस. तू सांग त्याला, स्वतःच्या जबाबदारीवर.”

जबाबदारी हा शब्द ऐकून हर्षल अर्धा पाऊल मागे सरकला. “मामांना विचारून सांगतो,” तो म्हणाला, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण त्यानं शब्द मागे घेतला नाही.

माझं डोकंच फिरलं. वीस माणसं उभी, चावी खिशात, दार समोर, आणि एकाचाही हात उठेना! कंपाइलरला मी तो शब्द महिन्यापूर्वी शिकवला. यांना कुणी शिकवला?

“वाल्मीक, मी सांगते. माझ्या जबाबदारीवर. उघड.”

वाल्मीकनं माझ्या गळ्याकडे बघितलं. बिचारा ओशाळला. “मॅडम, राग नका मानू. तुमची फीत पिवळी हाय.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान तापले. सहा वर्षं ती फीत घालतेय, पण त्या दिवशी ती गळ्याला काचली. मी दाराच्या फटीला तोंड लावलं.

“साहेब, ऐकू येतंय ना? वाल्मीक माझं ऐकायला तयार आहे. पण त्यासाठी मी पर्मनंट पाहिजे.”

साहेब विचार करत होते. अंधार, कारण दिवा लावायलाही विचारायचं होतं. उकाडा, कारण पंख्यालाही. डोक्याला फेटा, हातात अर्धा नारळ. आणि त्या सगळ्यातून, अगदी सवयीच्या, खिडकीबाहेर बघतानाच्या आवाजात उत्तर आलं.

“बघू.”

हसू की रडू तेच कळेना. “बघा मग,” मी म्हटलं, आणि चहा प्यायला खाली गेले. जिन्यानं. चांगला आल्याचा चहा होता, सावकाश प्यायले. टपरीवाल्यानं विचारलं, वर काय कार्यक्रम आहे? म्हटलं, साहेब बघतायत.

वर आले तेव्हा दारावर धबाधबा थापा पडत होत्या. “झालीस! अंजली, झालीस पर्मनंट! ऐकलं का सगळ्यांनी? केली मी तिला पर्मनंट!”

मी वाल्मीककडे बघितलं. “हे तोंडी चालतं का रे?”

वाल्मीकनं प्रामाणिकपणे विचार केला. “चावीचं नाय चालत. पर्मनंटचं तसं काय सांगितलेलं नाय. चालतं.”

मी हर्षलच्या गळ्यातली निळी फीत काढून माझ्या गळ्यात घातली. तो ‘अहो, अहो’ करत राहिला. मग वाल्मीककडे वळून म्हटलं, “माझ्या जबाबदारीवर. उघड.” चावी फिरली, दार सरकलं, साहेब बाहेर आले. फेटा सुटून गळ्यात, अंग घामानं निथळलेलं. वरून फुलं पडली, कारण फुलं टाकणाऱ्याला दार उघडलं की टाक एवढंच सांगितलेलं होतं. सनई वाजली. त्या दिवशी भाषण झालं नाही. आईला मात्र मी फोन केला. ती फोनवरच रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर पाहुण्यांची वही तशीच माझ्यापुढे आली. मी सही न करता आत गेले, सरळ केबिनमध्ये. साहेब ताजेतवाने होते.

“ये. हे बघ, दोन कामं आहेत. एक, लिफ्टच्या आत रेंज आणायचं यंत्र मिळतं म्हणे, ते बसवून घे. शब्द उत्तम आहे, त्याला हात लावायचा नाही.”

“आणि नाहीतर?”

“आता रेंज येणार म्हटल्यावर नाहीतर कशाला? दुसरं, हर्षलची फीत त्याला परत दे. काल घाईत बोललो गं मी. लिफ्टमध्ये बोललेलं असं धरायचं नसतं.” ते खिडकीबाहेर बघायला लागले. “दिवाळीला बघू.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट एकदम मोकळं वाटलं. मी निळी फीत काढून टेबलावर ठेवली, त्याशेजारी पिवळी ठेवली. समोरच्या पॅडचा एक कागद फाडला, उभ्याउभ्याच दोन ओळींचा राजीनामा लिहिला, खाली सही ठोकली आणि त्यांच्यापुढे सरकवला.

साहेबांनी तो वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. धोंडाबाईचा फोटो बघताना जसा झाला होता, अगदी तसाच त्यांचा चेहरा झाला.

“हे काय? मला न विचारता?”

“हो,” मी म्हटलं, आणि बाहेर पडले.